तळी कोण उचलतो, बाजू कोण घेतो?

अमेरिकेतल्या बंदुकांच्या वादावरचा लेख मराठीत आणताना एका वाचकाने लिहिलं : 'अभिनेते चार्ल्टन हेस्टन यांनी नॅशनल रायफल असोसिएशनची तळी उचलली.' तपासणाऱ्याने ते खोडून 'बाजू घेतली' केलं. (ही असोसिएशन म्हणजे बंदूक बाळगण्याच्या हक्कासाठी झगडणारी संघटना.) वाचकाचा प्रश्न असा की अर्थ एकच असताना खोडायचं कशाला?

अर्थ एक नाही, आणि माझ्या मते चूक दोघांचीही आहे. तपासणाऱ्याची थोडी कमी.

तळी म्हणजे खंडोबाची. चंपाषष्ठीला ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा ठेवायचा, चारपाच जणांनी मिळून ते ताम्हन उचलायचं आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणायचं. म्हणजे देव वेगळा, उचलणारे वेगळे. वाक्प्रचारातही हेच अंतर टिकलं आहे. तळी नेहमी दुसऱ्याची उचलतात, आणि आजच्या मराठीत तरी या शब्दाला लाचारीचा वास येतो. हेस्टन 1998 ते 2003 या काळात त्या संघटनेचे अध्यक्षच होते. 2000 च्या अधिवेशनात हातातली रायफल उंचावून 'माझ्या मेल्या, थंडगार हातांतूनच काढून घ्या' अशा अर्थाची गर्जना त्यांनी केली, ती गाभाऱ्यात बसून. पुजाऱ्याने तळी उचलली यात बातमी ती काय? आणि 'बाजू घेतली' म्हटलं की माणूस आधी बाहेर उभा होता असं वाटतं. अध्यक्ष संघटनेची बाजू मांडतो, लढवतो. फार तर तिची वकिली करतो.

गंमत अशी की याच हेस्टननी 1968 मध्ये, रॉबर्ट केनेडींच्या हत्येनंतर, ग्रेगरी पेक, कर्क डग्लस वगैरे नटांसोबत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या बंदूक-नियंत्रण विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला होता. बाहेरचा माणूस मागे येऊन उभा राहिला, म्हणून तिथे 'पाठिंबा' चपखल. माणूस तोच, क्रियापद मात्र बदलावं लागतं.

'बाजू घेणे' खरं शोभतं राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या रोनाल्ड रेगनना. (बाजू हा फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ दंड. बाजूबंद आठवा.) रेगन स्वतः रायफल असोसिएशनचे सदस्य. 1981 मध्ये त्यांच्यावर झालेल्या गोळीबारात त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी डोक्यात गोळी लागून कायमचे अपंग झाले. ब्रेडींच्या नावाने पिस्तूल खरेदीआधी पार्श्वभूमी तपासण्याचं विधेयक आलं, तेव्हा 1991 मध्ये रेगननी आपल्याच संघटनेच्या मताविरुद्ध त्याची बाजू घेतली. कायदा 1993 मध्ये झाला. 'कड घेतली' म्हणालात तरी चालेल, पण कड घेण्यात किंचित पक्षपात सूचित होतो. आई धाकट्याची कड घेते तसा.

रेगननंतरचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांना यांपैकी काहीच लागू पडत नाही. केंद्रीय अधिकाऱ्यांना गुंड ठरवणारं निधी मागण्याचं पत्र संघटनेने काढलं म्हणून त्यांनी 1995 मध्ये आपलं आजीव सदस्यत्व परत केलं. त्यांनी फारकत घेतली. या शब्दात काडीमोडाचा कागद आहे, आणि बुशनी राजीनामा लेखीच दिला होता!

'कैवार घेणे' जपून वापरा. त्याला समोर कोणीतरी दुबळा, गांजलेला लागतो. 2018 मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने बंदुकीच्या जखमांबद्दल मत मांडलं, तेव्हा रायफल असोसिएशनने त्यांना ट्विटरवरून आपल्या पायरीने राहायला सांगितलं. त्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी आपल्या रक्ताळलेल्या कपड्यांचे फोटो टाकले. त्यांनी जखमींचा कैवार घेतला, असं मी बेधडक लिहीन. बंदूक उत्पादकांचा कैवार मात्र उपरोधानेच घेता येतो.

'री ओढणे' वेगळंच. मुख्य गाणाऱ्यामागून सूर लांबवत धरणं ती री. शाहिराच्या मागे झीलकरी करतात तेच. ठरलेलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणाऱ्या पुढाऱ्याला हे लावा. तळीत निष्ठा तरी असते, रीत नुसती पुनरावृत्ती.

आणि 'तटस्थ', म्हणजे काठावर उभा. पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर, 2018 मध्येच, डेल्टा विमान कंपनीने असोसिएशनच्या सदस्यांची प्रवास-सवलत बंद केली आणि आपण या वादात तटस्थ आहोत म्हणून हे केलं असं सांगितलं. जॉर्जियाच्या विधिमंडळाने ते न मानता कंपनीला मिळू घातलेली इंधनावरची करसूट काढून घेतली. त्या सवलतीत विकली गेलेली तिकिटं होती फक्त 13. भाषांतरात कंपनीचा शब्द तटस्थच ठेवा, पण अवतरणचिन्हात.

राहिलं तुमचं वाक्य. 'अभिनेते चार्ल्टन हेस्टन पुढे नॅशनल रायफल असोसिएशनचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी तिची बाजू हिरिरीने लढवली.' लेखाच्या मथळ्यात 'बंदूकबंदी' दिसली, तीही बदला. ब्रेडी कायद्याने बंदुकीवर बंदी आणली नव्हती. दुकानदाराला पाच दिवस थांबायला लावलं होतं.