पुरलेला किरणोत्सारी कचरा उकरल्यावर त्याची वर्गवारी कशी करतात?

नुसता गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारं हातातलं यंत्र) फिरवून भागत नाही. सीझियम-137 त्यातल्या त्यात सोपं: त्याचे 662 केईव्ही (किरणांच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे गॅमा किरण पिंपाच्या पत्र्यातूनही बाहेर येतात आणि ऊर्जेवरून ओळख पटते. खरी डोकेदुखी प्लुटोनियमची. त्याचे अल्फा कण साधा कागदही ओलांडत नाहीत, मातीत तर त्यांचा पत्ताच लागत नाही. मग सोबतच्या अमेरिसियम-241चे क्षीण गॅमा शोधायचे, नाहीतर बंद पिंपातून येणारे न्यूट्रॉन मोजायचे. स्ट्रॉन्शियम-90साठी सहसा नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागतो.

अमेरिकेच्या अण्वस्त्र कार्यक्रमातल्या कचऱ्यात ट्रान्सयुरेनिक, म्हणजे प्लुटोनियमसारख्या युरेनियमहून जड मूलद्रव्यांचे, अल्फा सोडणारे दीर्घायुषी अणू ग्रॅममागे 100 नॅनोक्युरीहून (नॅनोक्युरी हे किरणोत्साराचं एकक) जास्त निघाले, तर तो न्यू मेक्सिकोत खोल मिठाच्या थरात जातो. या मर्यादेच्या आसपासचं पिंप मात्र घाईत मोजून चालत नाही.