फुप्फुस 'तंतुमय' कसं होईल?

प्रश्न असा आहे: मावशीला सिस्टेमिक स्क्लेरोसिस (त्वचा आणि आतले अवयव ताठरत जाण्याचा आजार) आहे. रिपोर्टात फुप्फुसाचा 'फायब्रोसिस' लिहिलाय, डॉक्टर 'ग्रोथ फॅक्टर' म्हणाले. मराठीत 'तंतुमयता' आणि 'वाढीचे घटक' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. 'तंतुमय' हा शब्द आहारवाल्यांनी केव्हाच पळवलाय. 'तंतुमय पदार्थ भरपूर खा' हे उठता-बसता ऐकणाऱ्या माणसाला 'तुमचं फुप्फुस तंतुमय झालंय' असं सांगून पाहा, तो पेरू सोडायचा का म्हणून विचारील! घरात बोलायला आपला 'निबर' काय वाईट आहे? भेंडी निबर होते तेव्हा आत रेषा धरतात आणि ती कट्कन मोडत नाही. इथेही कोलॅजेन या प्रथिनाचे धागे साचत जातात आणि मऊ अवयव ताठरतो. आजाराच्या 'स्क्लेरोडर्मा' या जुन्या नावावरून 'त्वचाकाठिण्य' सुचवणाऱ्या पंडितांना मात्र हात जोडतो. हा आजार नुसत्या कातडीचा नाही, फुप्फुस, आतडी, मूत्रपिंड कशालाही धरतो. म्हणून तर गोएट्झ नावाच्या डॉक्टरने 1945 मध्ये 'स्क्लेरोडर्मा'तली ती 'डर्मा' म्हणजे त्वचा वगळून 'प्रोग्रेसिव्ह सिस्टेमिक स्क्लेरोसिस' हे नाव पुढे केलं. ऐंशी वर्षं होत आली, आपण अजून कातडीलाच चिकटलेले.

पण खरी मौज 'तंतू'त आहे. संस्कृत धातू 'तन्', म्हणजे ताणणे, पसरणे. त्यातूनच ताण, तंत्र, संतान. ग्रीक 'तेइनेइन' आणि लॅटिन 'तेन्देरे' हे त्याचेच भाऊबंद, म्हणजे आपण दिवसभर घेतो ते 'टेन्शन'सुद्धा 'तंतू'च्या गोतातलं. 'फायब्रोसिस' ज्यातून आला त्या लॅटिन 'फिब्रा'ला (धागा) हे भाग्य नाही.

आता शरीरात काय चालतं ते बघा. टीजीएफ-बीटा ('ट्रान्सफॉर्मिंग' म्हणजे रूप पालटणारा) नावाचा ग्रोथ फॅक्टर पेशींबाहेरच्या जाळीत कुलूपबंद पडून असतो. पेशी इंटेग्रिन नावाच्या हातांनी त्याचं वेष्टण ओढतात, तेव्हा तो मोकळा होतो. मोकळा झाला की फायब्रोब्लास्ट या धागे बनवणाऱ्या साध्या पेशींना आकसणाऱ्या, कोलॅजेन ओतणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट बनवतो. जाळी जितकी ताठ तितका ओढीला जोर, आणि तितका तो आणखी सुटतो. ताणातून तंतू, तंतूंतून ताण! आमचे एक भाषाशास्त्री मित्र याला 'ओढूनताणून आणलेला संबंध' म्हणतात. म्हणोत बापडे, त्यांच्या 'ताणून'मध्येही तोच 'तन्' बसलाय. धातू घडवणाऱ्यांना टीजीएफ-बीटा ठाऊक होता असा माझा दावा नाही. पण पारिभाषिक शब्द निवडताना 'तंतू' हातचा सोडू नये एवढं नक्की. फक्त त्याचं ते 'मयता' शेपूट कापा. 'मय' म्हणजे भरलेलं, झालेलं. इथे चालू प्रक्रिया सांगायची आहे. छापायला 'बाष्पीभवन'सारखं 'तंतूभवन' घ्या.

हां, 'ग्रोथ फॅक्टर' राहिलाच. आपल्याकडे 'ग्रोथ' म्हणजे गाठ, त्यामुळे तो शब्द ऐकूनच अर्धं घर कॅन्सर धरून बसतं. 'वाढीचे घटक' तर शेअर बाजाराच्या पानावरचे वाटतात. त्यातून हा टीजीएफ-बीटा बऱ्याच पेशींची वाढ उलट रोखतोच. 'ट्रान्सफॉर्मिंग' हे नाव पडलं ते प्रयोगशाळेत त्याने पेशींचं रूप पालटलं म्हणून. तेव्हा इंग्रजी नावच ठेवा आणि मावशींना सांगा: पेशींना 'धागे काढा' म्हणून हुकूम सोडणारं रसायन.