पोहायला शिकताना : गॉगल, टोपी आणि पाठीवरचा डबा

प्रश्न : एप्रिलपासून महापालिकेच्या तलावावर सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांची बॅच लावली आहे. मलाही शिकायचं आहे. दुकानदाराने किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी), फिन्स (पायात घालायचे रबरी पंखे), नाकाची क्लिप असा सगळा संचच पुढे केला. खरंच काय काय लागतं?
– एक आई, नाशिक

उत्तर : पहिल्या महिन्यात प्रत्येकी तीनच वस्तू : पोशाख, टोपी, गॉगल. किकबोर्ड बहुतेक तलावांवर असतात, आधी तिथे विचारा. फिन्स तर आत्ता नकोतच. गुडघ्यातून पाय मारायची चूक त्यांनी झाकली जाते, आणि फिन्स काढले की मूल जागच्या जागी राहतं.

पोशाखाचं लेबल वाचून घ्या. लायक्रा म्हणजेच स्पॅन्डेक्स जास्त असेल तर अंगाला छान बसतो, पण क्लोरीन त्याचा लवचिक धागा खातं आणि बसायच्या जागी कापड जाळीसारखं पातळ होतं. रोज पोहायचं असेल तर पॉलिएस्टर किंवा पीबीटीचा (पॉलिएस्टरचाच एक लवचिक प्रकार) घ्या. कोरडा असताना किंचित घट्टच वाटला पाहिजे, पाण्यात तो सैलावतो. ‘पुढच्या वर्षीही होईल’ हा हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक. इथे ढगळ पोशाखात पाणी भरतं आणि मूल मागे खेचलं जातं. मुलांसाठी निळा, आकाशी रंग टाळा. निळ्या फरशीच्या तलावात असं मूल पाण्याखाली गेलं तर काठावरून दिसत नाही. नारिंगी, पोपटी, भडक गुलाबी रंग चांगले. घरी आल्याबरोबर साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. गरम पाणी आणि ड्रायर दोन्ही वर्ज्य.

तुमचे केस लांब असतील तर सिलिकॉनची टोपी घ्या. लेटेक्सची स्वस्त असते, पण केस ओढते आणि लवकर फाटते. अंबाडा डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला बांधा. दोन्ही हात टोपीत घालून ती ताणा, आधी कपाळावर टेकवा आणि मग मागे ओढा. केस कोरडे राहतील या आशेवर मात्र राहू नका. टोपी केस डोळ्यांवर आणि फिल्टरमध्ये जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम.

प्रश्न : चांगला महागाचा गॉगल घेतला, तरी पाणी शिरतं आणि दहा मिनिटांत धुकं धरतं. शिवाय मला उणे अडीचचा चष्मा आहे.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : किमतीचा इथे फार संबंध नाही, चेहऱ्याच्या ठेवणीचा आहे. दुकानात पट्टा न लावता गॉगल नुसता डोळ्यांवर हलकेच दाबा आणि हात सोडा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर तो तुमचा. लगेच पडला, तर पट्टा कितीही आवळा, पाणी शिरणारच. उलट जास्त आवळल्याने सील, म्हणजे काचेभोवतीची मऊ कड, वाकडं होतं आणि डोळ्यांभोवती वळ उठतात. नाकाजवळून पाणी येत असेल तर मधली पट्टी बदलून पाहा. काही गॉगलबरोबर दोन-तीन मापांच्या पट्ट्या येतात. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर बसवा. आणि टोपीची कड सीलखाली अडकलेली नाही ना, हे तपासा. निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

काचेच्या आतून धुकं न धरणारा लेप असतो. बोटाने किंवा टॉवेलने पुसला की तो गेला. पाणी झटका, आत हात लावू नका. लेप गेलाच असेल तर बेबी शाम्पूचा एक थेंब आतून फिरवून नीट विसळा.

नंबरचे तयार गॉगल साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात, त्यामुळे तुमचा मिळेल. मधला नंबर असता तर कमीचा घ्या म्हटलं असतं. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू नका. पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकून बुबुळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो.

प्रश्न : मुलीच्या कानात पाणी जातं. इअरप्लग लावू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पोहून झाल्यावर मान कलती करून कानाची पाळी हलकेच ओढली की पाणी निघतं. कानातून स्राव होत असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा आधी शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. प्लग लावून तळाशी बुडी मारायची नाही. दाबाने तो आत रुततो.

प्रश्न : आम्ही सगळे विहिरीत पाठीला डबा बांधूनच शिकलो. आता पुतण्या हवा भरायचे दंडातले फुगे आणायचे म्हणतो. कोणतं बरं?
– एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : शिकण्यासाठी डबाच. फुग्यांनी मूल पाण्यात उभं राहतं आणि सायकल मारल्यासारखे पाय हलवतं. पोहायला अंग आडवं लागतं. भोपळा असो, पांगाऱ्याचं लाकूड असो की डबा, पाठीवर बांधलं की ते पाठ वर उचलतं. पण त्याच कारणाने तोंड पाण्याकडे राहतं. दमलेलं मूल डब्याच्या आधाराने तरंगेल, श्वास मात्र घेऊ शकणार नाही. डबा शिकवतो, वाचवत नाही. कमरेची ट्यूब तर दोन्ही करत नाही. उलटली की पाय वर आणि डोकं खाली अडकतं.

डबा पाच लिटरचा पुरतो. कीटकनाशकाचा कॅन धुऊनही वापरू नका. झाकण आवळून हौदात दोन मिनिटं दाबून धरा. बुडबुडे आले तर बाद. बांधायला रुंद कापडी पट्टा घ्या, कारण नायलॉनची गुळगुळीत दोरी ओली झाली की गाठ सरकते. पट्टा काखेखालून छातीवर, डबा खांद्याच्या पात्यांमध्ये. तो कमरेवर घसरला तर पार्श्वभाग वर येतो आणि डोकं बुडतं. हात-पाय जमले की दोन लिटर, मग एक लिटर, असं उतरवत जा.

धरणावर किंवा होडीत जाताना खरं लाइफ जॅकेट हवं. लेबलवर ५० न्यूटन (तरंगवण्याच्या जोराचं माप) लिहिलेलं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी असतं. न येणाऱ्याला १०० किंवा जास्त, गळ्यामागे कॉलर असलेलं. तेच तोंड वर वळवायला बनवलेलं असतं. मुलासाठी त्याच्या वजनाच्या गटातलं आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं घ्या. घालून झाल्यावर जॅकेटच्या खांद्यांना धरून मुलाला उचला. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे.

आणि विहिरीत डब्याशिवाय आणखी एक दोर मुलाच्या छातीला वेगळा बांधा. त्याचं दुसरं टोक पायरीवर बसलेल्या पोहता येणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात हवं, खुंटीला नव्हे.