अकरा ताटल्या आणि रस्सा मागायची सवय

प्रश्न असा आहे: "आम्ही दोघं कोल्हापूरचे. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला लेकीनं मुंबईत एका मोठ्या रेस्टॉरंटात टेस्टिंग मेन्यूचं टेबल बुक करून दिलंय. अकरा पदार्थ, तीन तास. तिथं पोट भरतं का? आम्हाला तिथलं वागणं जमेल का? की पैसे परत घ्यायला सांगू?"

जा. पैसे परत मागू नका. पोट भरतं आणि वागणंही जमतं.

मी राजारामपुरीत घरगुती मेस चालवते. रोज सकाळी भाकऱ्या थापणारी बाई मी, माझा या जेवणाशी संबंध आला तो भाच्यामुळे. त्याला मुंबईत नोकरी लागली आणि पहिल्या वर्षीच त्यानं मला, आमच्या ह्यांना आणि त्याच्या आईला अशाच एका ठिकाणी नेलं. तुमच्या मनात आत्ता जे चाललंय ते सगळं माझ्या मनात तेव्हा होतं. टॅक्सीत बसल्यावर मी पर्समध्ये राजगिऱ्याचे दोन लाडूसुद्धा टाकले होते, उपाशी राहिलो तर असावेत म्हणून. ते तसेच परत आले.

पोटाचं आधी सांगते. एका ताटलीत तीन-चार घास असतात. एकेक ताटली बघून वाटतं, हे काय जेवण? पण अकरा ताटल्यांचे मिळून चाळीसेक घास होतात, मध्ये पाव-लोणी येतं, शेवटी दोन गोड पदार्थ. शिवाय तीन तास सावकाश खाल्लं की पोट भरल्याचं पोटाला कळायला वेळ मिळतो. आपण मेसमध्ये वीस मिनिटांत ताट संपवतो, तिथं हा हिशेब लागत नाही. पाव मात्र जपून खा. आमच्या ह्यांनी तो पहिल्या दहा मिनिटांत दोनदा मागून घेतला आणि नवव्या ताटलीला हात टेकले.

घास एवढे लहान का, यालाही कारण आहे. एकाच चवीचे पहिले दोन-तीन घास जिभेला जेवढे कळतात तेवढा सहावा-सातवा कळत नाही. जीभ सरावते. म्हणून चव ताजी असतानाच ते ताटली उचलतात आणि दुसरी चव आणतात. क्रमही ठरलेला असतो. आधी हलकं, आंबट, गार, मग गरम, तेलातुपाचं, मसाल्याचं, मध्ये तोंड साफ करायला काहीतरी थंड, आंबट, मग गोड. काय खायचं ते आपण निवडायचं नाही, स्वयंपाकघरानं ठरवायचं. हे परदेशी खूळ आहे असं मला आधी वाटायचं. पण आपल्या पंगतीत तरी पान कुणी आपल्याला विचारून वाढतं का? मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, वरणभात, ज्याची त्याची जागा आणि वेळ ठरलेली. यजमानावर विश्वास टाकून बसायचं, एवढंच.

फरक एकाच ठिकाणी जाणवतो आणि कोल्हापूरकराला तो फार जाणवतो. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तळहाताएवढ्या मातीच्या वाटीत दोन घोट पाणी आलं. स्वच्छ, सोनेरी, तळ दिसत होता. वर तेलाचा एक थेंब, त्याला कढीपत्त्याचा वास. मी तोंडाला लावलं आणि ओळखलं, हे आपलं अळणी, मटणाचं बिनमसाल्याचं पाणी! हाडं मंद आचेवर तासन् तास ठेवून काढलेलं, फक्त गाळून गाळून आरशासारखं केलेलं. आपण याच अळणी पाण्याचे दोन वाटे करतो. एकात कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि चटणी घातली की तांबडा, दुसऱ्यात खसखस-काजूचं वाटण आणि नारळाचं दूध घातलं की पांढरा. नारळाचं दूध पडल्यावर पांढरा खळखळून उकळायचा नाही, नाहीतर फाटतो; त्या वेळी मी चुलीपाशी कुणाला बोलूसुद्धा देत नाही. तसलीच काळजी मला त्या दोन घोटांत दिसली. डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तरी चालेल.

आमच्या ह्यांनी ती वाटी एका दमात संपवली आणि वाढणाऱ्या मुलाकडे बघितलं. कोल्हापुरात रस्सा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागणं हा पाहुण्याचा हक्क आणि "घ्या की अजून" म्हणणं हा यजमानाचा मान. तिथं भांडं घेऊन कुणी येत नाही. ह्यांचं तोंड उतरलं. मी हळूच म्हटलं, "अहो, ते हातचं राखत नाहीत, पुढचं वाढायला जागा ठेवतायत." आपल्याकडे यजमानाचं प्रेम 'आणखी'मध्ये असतं, तिथं ते 'इतकंच'मध्ये असतं. हे मनात धरून बसलात तर संध्याकाळ गोड जाईल.

आता एक गोष्ट नीट ऐका. काय चालत नाही ते बुकिंग करतानाच सांगायचं, आणि टेबलावर बसल्यावर पुन्हा सांगायचं. माझ्या बहिणीला कोळंबी, जवळा काही चालत नाही, अंगावर गांधी उठतात. भाच्यानं फोनवर सांगितलं होतं. तरी पाचव्या ताटलीवर काहीतरी तांबूस भुकटी भुरभुरलेली आली. बहिणीनं नुसता वास घेतला आणि म्हणाली, "सुकट आहे गं." विचारलं तर खरंच सुकटच, म्हणजे वाळवलेला जवळा. निरोप आतपर्यंत पोचलाच नव्हता. त्यांनी माफी मागितली, दुसरी ताटली करून आणली, पण तिनं खाल्लं असतं तर रात्र दवाखान्यात गेली असती. तेव्हा लाजू नका. बीफ, डुक्कर, दारू घातलेलं गोड, काहीही असो, स्पष्ट विचारा. आणि लेकीला आधी कॅलेंडर बघायला सांगा. तुमचा सोमवार, शुक्रवार किंवा संकष्टी त्या दिवशी येत असेल तर तारीख बदला किंवा शाकाहारी मेन्यू सांगून ठेवा. बहुतेक ठिकाणी तो वेगळा असतो आणि चांगला असतो.

काट्याचमच्याची चिंता सोडा. प्रत्येक ताटलीबरोबर लागेल तेवढंच ते मांडतात, वापरलेलं उचलून नेतात. मांडलेले एकदम जास्त दिसले तर बाहेरच्या बाजूनं सुरू करायचं. बरेच पदार्थ हातानंच खायचे असतात, तसं ते सांगतातही. कपडे नेहमीचे चांगले घाला, मी इरकल नेसून गेले होते.

पैशाचं म्हणाल तर बुकिंगचा आकडा माणशी असतो आणि त्यावर जीएसटी लागतो. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के, महागड्या खोल्यांच्या तारांकित हॉटेलातलं असेल तर १८. पदार्थांसोबतची पेयं वेगळी, ती घ्यायलाच हवीत असं नाही. सर्व्हिस चार्जही ऐच्छिक आहे. सेवा आवडली तर द्या, पण बिलात आपोआप लावला असेल तर काढायला सांगता येतं.

आमच्या गल्लीत सगळे विचारत होते, "मिशेलिनवालं होतं का?" मिशेलिन ही टायरची कंपनी. तिनं १९०० साली फ्रान्समध्ये मोटार चालवणाऱ्यांसाठी पुस्तक काढलं आणि १९२६पासून हॉटेलांना तारे द्यायला लागली. भारतातल्या हॉटेलांना ती तारे देत नाही, म्हणून तुमच्या हॉटेलाला तारा नसेल तर त्यात त्याचं काही कमी नाही. आपली माणसं बाहेर जाऊन तारे मिळवतायत. मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांना बँकॉकमध्ये २०१८ साली मिळाला, भारतीय बाईला मिळालेला तो पहिला तारा. मुंबईतच महालक्ष्मीच्या जुन्या गिरणीच्या आवारात २०१६ साली सुरू झालेलं 'मास्क' अशाच जेवणासाठी ओळखलं जातं. तिथं आपल्याच मुलुखातली धान्यं, रानभाज्या ताटलीत येतात हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

दुपारी हलकं खा, पण उपाशी जाऊ नका, पहिल्या ताटल्या आंबट असतात आणि पित्त खवळतं. वाढणारी मुलं प्रत्येक पदार्थाची माहिती सांगतात, बहुतेक इंग्रजीत. मराठीत विचारलंत तर मराठी येणारा कुणीतरी आतून येतोच. आमच्याकडे साताऱ्याचा एक मुलगा आला, नंतर शेवटपर्यंत तोच वाढत होता. जेवण झाल्यावर छापील मेन्यू मागून घ्या. माझा फडताळात मसाल्याच्या डब्यामागे ठेवलाय.

आणि महालक्ष्मी एक्सप्रेसचं परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका. ती रात्री आठ-साडेआठलाच सुटते, तेव्हा तुम्ही जेमतेम पहिल्या ताटलीला असाल. रात्री मुंबईत मुक्काम करा आणि सकाळच्या कोयनेनं या.