टाका-दोरा : अर्धवट गोधड्या, बाळाचं दुपटं आणि बाबांचे शर्ट

या वेळी आलेली बहुतेक पत्रं गिफ्टबद्दलची आहेत, कुणाला बाळंतविड्यात काय द्यायचं ते विचारायचंय, कुणाच्या कपाटात अर्धवट कामं साठलीयत, तर कुणाच्या घरात गेलेल्या माणसाचे कपडे तसेच पडून आहेत आणि त्यांचं काय करावं सुचत नाहीये. जागा पुरेल तेवढ्यांना उत्तरं देतेय, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, माझी सध्या पाच कामं अर्धवट आहेत. डबल बेडचं लॉग केबिन, म्हणजे मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत केलेली गोधडी, त्याचे निम्मे ब्लॉक (जोडायचे चौकोन) झालेत. नणंदेसाठी टेबल रनर. आईच्या साड्यांची हाताने घालायची गोधडी. उशांचे दोन अभ्रे. आणि आता डिसेंबरात भाचीला बाळ होणार म्हणून दुपटं सुरू केलंय. एकही संपत नाही, घरचे म्हणतात आधी हे संपव मग नवीन काढ. काय करू? (सांगली)

दुपटं आधी. त्याला तारीख आहे, बाकीच्या चारांना नाही, आणि बारशाला हातात पडलेल्या दुपट्याची गोष्टच वेगळी असते. नवीन काम काढू नका असं मी तुम्हाला अजिबात सांगणार नाही, नवीन कापड बघून हात शिवशिवतात म्हणून तर आपण हा छंद करतो ना. पण पाचही कामं काढून एकदा जमिनीवर मांडा आणि प्रत्येक नेमकं कुठे अडलंय ते बघा. माझा अंदाज असा की दोन-तीन तरी टाचणीपाशीच अडलेली असणार, म्हणजे वरचा थर तयार आहे, अस्तर आणलेलं आहे, पण तीन थर एकावर एक पसरून कच्चे टाके घालायला ना जागा ना उत्साह. मग एक रविवार फक्त टाचणीसाठी ठेवा, हॉलमधलं टीपॉय बाजूला सरकवा, अस्तर उलटं पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टीने फरशीला ताणून चिकटवा, त्यावर मधला थर, त्यावर वरचं, आणि मधून बाहेर जात दर तीन-चार इंचांवर सेफ्टी पिना लावा. एकदा टाचून झालं की ते काम घडी करून पिशवीत ठेवता येतं आणि अर्धा तास मिळाला तरी पुढे सरकतं.

दुपट्याचं माप ३६ बाय ३६ इंच धरा. साडेसहा इंचाचे ३६ चौकोन कापायचे, पाव-पाव इंच शिवणीत गेलं की सहाचा चौकोन उरतो आणि सहा बाय सहाची मांडणी बरोब्बर बसते. एकूण सव्वा मीटर कापडात हे होतं, वेगवेगळ्या तुकड्यांतून काढणार असाल तर थोडं जास्त धरा. गोटासाठी अडीच इंच रुंद पट्ट्या, ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून चार निघाल्या की पुरे. इथे सरळ पट्टी चालते, उरेब म्हणजे तिरकी कापलेली पट्टी लागत नाही, उरेब फक्त कडा गोलाकार असतील तरच काढा, उगाच कापड वाया जातं.

लॉग केबिनबद्दल एकच विचारते, अजून आवडतंय का ते? आवडत असेल तर झालेल्या ब्लॉकमध्ये सिंगल बेडचं, म्हणजे ६० बाय ९० इंचाचं होतंय का मोजून बघा. डबलचं सिंगल केलं म्हणून कुणी कमी समजत नाही. आणि आईच्या साड्यांच्या गोधडीला घाई करू नका, तिला तारीख लावूच नका, रोज संध्याकाळी एक-दोन ओळी धावदोरा घालत राहा.

प्रश्न : मैत्रिणीच्या बाळाला गोधडी शिवून द्यायचीय पण डॉक्टरांनी तिला सांगितलं की बाळाजवळ गोधडी ठेवायचीच नाही. मग द्यायची का नाही? आपण सगळे तर दुपट्यातच वाढलो. (नाशिक)

डॉक्टर बरोबर सांगतायत आणि त्यात वाद घालू नये. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळ झोपतं त्या जागी मोकळी पांघरुणं, गोधड्या, उशा ठेवू नयेत असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तोंडावर येऊन श्वास कोंडायची भीती असते. पण गोधडी द्यायची नाही असं कुठे आहे? बाळ जागं असताना पालथं घालायला, खेळायला, जमिनीवर अंथरायला ती रोज लागते, आणि वर्षानंतर पांघरायला आहेच. देताना सोबत चिठ्ठी ठेवा, ‘खेळताना खाली घालायला, पांघरायला वर्षानंतर’, म्हणजे आजी-आजोबांनाही कळतं.

वापरलेल्या सुती साडीइतकं मऊ काहीच नाही, नवीन घ्यायचं तर मलमल घ्या आणि दोनदा धुऊन मग कापा. बटणं, टिकल्या, मणी, लेस काही लावायचं नाही, बाळ सगळं तोंडात घालतं. धावदोऱ्याचे टाके बारीक ठेवा, लांब टाक्यात बाळाची बोटं अडकतात. दोऱ्याच्या गाठी दोन थरांच्या मध्ये ओढून घ्या. उरलेल्या तुकड्यांतून झबलं, टोपडं आणि कुंची झाली तर बाळंतविडा पूर्ण होतो, आणि संक्रांतीनंतर बोरन्हाण असेल तर एखादं काळं झबलंही त्यात घाला, ऐन वेळी बाजारात शोधावं लागतं.

प्रश्न : मशीनवर क्विल्टिंग करताना, म्हणजे तिन्ही थर एकत्र शिवताना, खालच्या बाजूला चुण्या पडतात. टेन्शन बदलून बघितलं, काही फरक नाही. (पुणे)

टेन्शनचा दोष नाहीये तो. मशीनचे खालचे दात खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा थर फुटाखाली, म्हणजे सुईजवळच्या कापड दाबणाऱ्या पट्टीखाली, दबून मागे राहतो, त्यामुळे थर एकमेकांवरून सरकतात. वॉकिंग फूट मिळाला तर लावा, तो वरूनही कापड पुढे सरकवतो. नसेल तर फुटाचा दाब कमी करा, टाका मोठा करा, पिना जास्त लावा आणि शिवायला मधूनच सुरुवात करून कडांकडे जा. सुई ९० किंवा १०० नंबरची घ्या. गोधडीचं वजन टेबलावरून खाली लोंबू देऊ नका, शेजारी खुर्ची ठेवून तिच्यावर टेकवा, अर्ध्या चुण्या तिथेच जातात.

प्रश्न : बाबा जाऊन वर्ष झालं. त्यांचे आठ-नऊ शर्ट आणि दोन धोतरं मी ठेवलीयत. आईसाठी त्यांची गोधडी करावी असं मनात आहे पण कात्री लावायला हात धजत नाही. शर्ट काही टेरिकॉटचे आहेत, काही सुती. होईल का? (नागपूर)

होईल, आणि खूप छान होईल. पण आधी आईला विचारा. काही जणींना कपडे आहेत तसेच कपाटात हवे असतात, त्यांच्यासाठी सरप्राइज म्हणून कापलेले शर्ट हा धक्का असतो. त्या हो म्हणाल्या तर कुठले शर्ट घ्यायचे तेही त्यांनाच निवडू द्या, कारण कुठला शर्ट कुठल्या लग्नातला ते त्यांनाच ठाऊक. आणि एक शर्ट न धुता, न कापता तसाच बाजूला ठेवा. धुतल्यावर वास जातो, तो परत येत नाही.

आता कामाचं. फुल साइज शर्टाच्या पाठीतून साडेसहा इंचाचे दहा-बारा चौकोन निघतात, पुढच्या दोन भागांतून सहा-आठ. सिंगल बेडच्या गोधडीला दहा बाय पंधरा म्हणजे १५० चौकोन लागतात, तेव्हा आठ-नऊ शर्टांत बसतं, कमी पडले तर बाह्या आहेतच. आधी शिवणी उसवून शर्ट सपाट करा, मग इस्त्री, मग कटिंग. टेरिकॉटला इस्त्री मंद ठेवा, तापली तर कापड चकाकतं आणि मग ते जात नाही. सुती शर्ट वर्षानुवर्षं धुतलेले असणार, ते आता आटणार नाहीत, त्यामुळे दोन्ही कापडं एकत्र बिनधास्त चालतात. झिजून पातळ झालेले असतील तर मागून पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा.

खिसा काढू नका! खिशासकट चौकोन कापा, आणि तो गोधडीत अशा जागी लावा जिथे आईचा हात सहज जाईल. बाबांच्या खिशाला पेनाचा डाग असेल तर तोही राहू द्या. काज-बटणांची पट्टी एका कडेला लांब लावता येते, आईसाठी आहे म्हणून बटणं चालतील. आणि धोतरं आहेत ना, ती अस्तराला घ्या, त्यांच्याइतकं मऊ अस्तर विकत मिळणार नाही, काठ दिसतील असे ठेवा. मध्ये जाड फायबर घालू नका, एखादी जुनी सुती चादर पुरे, म्हणजे हाताने धावदोरा घालणं सोपं जातं आणि पांघरूण अंगाला बिलगून बसतं.

तुमच्यासारखंच काम अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या वस्तीत मिझूरी पेटवे नावाच्या बाईंनी १९४२ साली केलं होतं. नवरा गेल्यावर त्याचे शेतात घालायचे विटलेले, गुडघ्यावर झिजलेले कपडे फाडून त्यांनी मुलीला हाताशी घेऊन गोधडी शिवली, त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली झोपता यावं म्हणून. तिथल्या गरीब कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या पुढे मोठमोठ्या म्युझियममध्ये लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या पोस्टाने त्यांची तिकिटं काढली. त्या गोधडीचे फोटो बघा, त्यात विटलेला निळा रंग तसाच ठेवलाय, कुठे झाकलेला नाही. म्हणून म्हणते, डाग आणि झीज कापून टाकू नका.

हात धजत नसेल तर पहिली शिवण आईला उसवू द्या.

प्रश्न : लाल खणाचं आणि अजरखचं (ठशांनी छापलेलं) कापड पांढऱ्यासोबत लावायचंय. रंग पक्का करायला मिठाच्या पाण्यात किती वेळ भिजवू? (कोल्हापूर)

मीठ किंवा व्हिनेगरने दुकानातून आणलेल्या कापडाचा रंग पक्का होत नाही, कितीही वेळ भिजवा. आपल्याकडे सगळ्याच घरांत हे करतात, पण त्यात जादाचा रंग पाण्याने निघून जातो, मिठाचा त्यात हात नाही. साधं पाणी बदलत राहा, पाणी नितळ येईपर्यंत. मग ओल्या कापडावर पांढरं फडकं दाबून इस्त्री फिरवा, फडक्यावर डाग आला तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नका, गडद रंगांच्या गोधडीत घ्या. दुसऱ्याला द्यायच्या गोधडीत तर हा धोका नकोच, पहिल्या धुण्यात पांढऱ्याचं गुलाबी झालं की समोरचा माणूस तुम्हाला सांगतही नाही आणि गोधडी वापरतही नाही.

प्रश्न : कवंदी म्हणजे आपली गोधडीच का? (बेळगाव)

बहीण म्हणा. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायका कवंदी करतात. सिद्दी समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आले, आणि तुमच्यापासून हे सगळं काही फार लांब नाही, एकदा जाऊन बघाच. कवंदीत ब्लॉक आधी जोडत नाहीत. अस्तराच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून तुकड्यांच्या कडा आत दुमडत, धावदोऱ्याने कडेकडेने फिरत मध्यापर्यंत यायचं, म्हणजे जोडणं आणि गोधडी घालणं एकदमच होतं. आपल्याकडेही कडेपासून आत चौकटी घालत येतात, पण आपण बहुतेक वेळा अख्ख्या साड्या थरावर थर घालतो आणि वर ठिगळं लावतो. कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची छोटी फुलं लावतात, त्याशिवाय ती पूर्ण झाली असं मानत नाहीत. छोट्या आसनावर करून बघा, चिंध्या संपवायला याच्याइतकी चांगली रीत नाही.

प्रश्न : आजीची पैठणी फाटायला आलीय. नातींना प्रत्येकी एक उशी करून देऊ का? (ठाणे)

पैठणी अजून धरत असेल तर कापू नका. घड्यांवर चिरत असेल तर मात्र कापा, कारण तशीही ती कपाटात घडीवरच तुटणार. मागे मलमलीचा थर लावून मगच शिवा आणि पदर अख्खा ठेवून फ्रेम करा. उशीला उघडता येणारी चेन लावा, म्हणजे आतली उशी काढता येते, पैठणी मात्र धुवायची नाही.

प्रश्न : ऑफिसातल्या ओळखीच्या बाई म्हणतात, तुम्ही तर घरीच करता, आम्हालाही एक करून द्या, कापड आम्ही देतो. नाही म्हणायला जमत नाही. (डोंबिवली)

ज्यांना द्यावंसं तुम्हाला वाटतं त्यांना फुकट द्या, मनापासून द्या. बाकीच्यांना तास मोजून सांगा. एक दुपटं हाताने घालायला किती तास गेले ते एकदा वहीत लिहा, आणि तुमच्या गावात शिवणाऱ्या बाईला दिवसाची जी मजुरी मिळते त्यावरून आकडा काढा. तो आकडा शांतपणे सांगायचा. हातशिवणीवर पोट असलेल्या किती तरी बायका आहेत, आपण फुकट करत सुटलो की त्यांचा भाव पडतो, मला याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न : मुंबईच्या दमट हवेत तयार गोधड्या ठेवायच्या कशा? देईपर्यंत वास येतो. (मुंबई)

प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधी बाहेर काढा. जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा, कडुलिंबाचा वाळवलेला पाला फडक्यात बांधून सोबत घाला, पावसाळा संपला की उलट्या करून ऊन दाखवा आणि दर काही महिन्यांनी घडी वेगळ्या जागी मोडा, नाहीतर त्याच रेषेवर कापड विरतं. डांबराच्या गोळ्या टाकू नका, बाळाच्या गोधडीत तर मुळीच नाही. त्यातल्या नॅप्थलीनने काही तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. आधीच टाकल्या असतील तर गोधडी दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला, दोनदा धुवा, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय बाळाच्या घरी पाठवू नका.