तुमचे प्रश्न : टोनी कॉनिग्लियारोचा तो डोळा, आणि त्यानंतरचे ५६ होमरन

प्रश्न : सर, माझी मुलगी नववीत आहे, सॉफ्टबॉल खेळते. मागच्या महिन्यात प्रॅक्टिसला बॉल गालावर बसला, सूज आठ दिवसांत उतरली पण आता बॅट घेऊन उभीच राहत नाही, बॉल आला की मागं सरकते. घरी तिची आई आणि आजी म्हणतात की बास झालं, बंद करा. तिनं मोबाईलवर एका अमेरिकन बेसबॉल प्लेयरचा जुना फोटो बघितला, डावा डोळा काळानिळा होऊन बंद झालेला. तिकडची लोकं अजून त्याची आठवण काढतात म्हणे. कोण हा? आणि तिनं मुद्दाम विचारायला सांगितलंय, त्याचा नंबर काय होता?
— एक वडील, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचलं आणि दुसरी सगळी पत्रं बाजूला ठेवली. तो फोटो टोनी कॉनिग्लियारोचा. बोस्टनची माणसं त्याला टोनी सी म्हणतात. मी रेड सॉक्सच्या, म्हणजे बोस्टनच्या बेसबॉल टीमच्या, मॅच पहाटे साडेचारला उठून बघणारा माणूस, त्यामुळं ह्याच्याविषयी जरा जास्तच लिहिणार, सांभाळून घ्या.

पोरगा बोस्टनच्या जवळचाच, रिव्हिअरचा, जन्म १९४५ चा. १९६४ ला १९ व्या वर्षी आपल्याच गावच्या टीममधून मोठ्या लीगमध्ये आला. फेनवे पार्कला लेफ्ट फील्डला ३७ फुटांची हिरवी भिंत आहे, तिथं घरच्या ग्राउंडवरच्या पहिल्याच मॅचमध्ये पहिलाच बॉल त्यानं त्या भिंतीवरून पलीकडं घातला. त्या वर्षी २४ होमरन (आपल्या सिक्सरसारखा फटका), तेही मधेच बॉल लागून हात मोडला असताना. पुढच्या वर्षी ३२ मारले आणि २० व्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये (मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी एक) सगळ्यात जास्त होमरन त्याचेच, एवढ्या लहान वयात त्या लीगमध्ये हे कुणालाच जमलेलं नाही. १९६७ च्या जुलैत, २२ व्या वर्षी, शंभर होमरन पूर्ण. गावचा पोरगा, दिसायला देखणा, वर गाण्याच्या रेकॉर्डीपण काढायचा, मग काय, अख्खं बोस्टन वेडं झालेलं.

आणि मग १८ ऑगस्ट १९६७. कॅलिफोर्निया एंजल्सशी मॅच, चौथी इनिंग, पिचर (बॉल टाकणारा) जॅक हॅमिल्टन. बॉल आत आला तो सरळ डाव्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली. गालाचं हाड मोडलं, जबडा निखळला, डोळ्याच्या पडद्याला मार बसला. हेल्मेट होतं हो डोक्यावर, पण कान आणि गाल झाकणारी जी पट्टी असते ती त्या हेल्मेटला नव्हती. त्या वर्षी रेड सॉक्स २१ वर्षांनी लीग जिंकले आणि वर्ल्ड सिरीजला (दोन्ही लीगच्या विजेत्यांची फायनल) गेले, सात मॅचपर्यंत झुंजून सेंट लुईसकडून हरले, आणि हा काही खेळू शकला नाही. १९६८ चा पूर्ण सीझनपण गेला. नजरेच्या बरोबर मधोमध डाग, समोरून येणारा बॉल दिसेचना, म्हणून मग पिचर होऊन बघतो म्हणाला, तेपण करून बघितलं.

आता मला जे सांगायचंय ते इथं आहे. लोकं लिहिताना २२ व्या वर्षी करिअर संपलं असं लिहून मोकळी होतात, आणि ते मला पटत नाही, मनापासून पटत नाही. नजर थोडी सुधारली आणि १९६९ च्या पहिल्याच मॅचला तो बाल्टिमोरला उभा राहिला, दहाव्या इनिंगला होमरन मारला, आणि बाराव्या इनिंगला जिंकायची रनपण त्यानंच धावून काढली. त्या वर्षी २० होमरन. १९७० ला ३६ होमरन आणि ११६ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर टीमला मिळालेल्या रन), म्हणजे त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सीझन हा बॉल लागल्यानंतरचा आहे! दुखावलेल्या डोळ्यानं दोन वर्षांत ५६ होमरन. त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ बिली त्याच टीममध्ये होता, त्याचे १८, म्हणजे एका घरातून ५४. आईबापांनी काय दिवस बघितले असतील.

त्यानंतर मात्र उतार लागला. क्लबनं त्याला एंजल्सला देऊन टाकलं, नजर पुन्हा बिघडली, १९७१ ला मधेच सोडलं, १९७५ ला रेड सॉक्सकडून थोडे दिवस परत येऊन बघितलं. एकूण १६६ होमरन. १९८२ ला टीव्ही कॉमेंट्रीच्या नोकरीसाठी ऑडिशन देऊन एअरपोर्टला जाताना गाडीत हार्ट अटॅक आला, गाडी बिलीच चालवत होता. पुढं आठ वर्षं घरच्यांनी सांभाळलं आणि १९९० ला गेला, वय ४५.

आता तुमच्या लेकीचं. आधी डोळ्याच्या डॉक्टरकडं नेऊन औषध घालून पडदा तपासून घ्या, सूज उतरली म्हणजे झालं असं धरू नका. मग किटमधलं हेल्मेट स्वतः हातात घेऊन बघा. मी इथल्या एका ग्राउंडवर एक हातात घेतलं होतं, आतला फोम निम्मा निघालेला, हनुवटीचा पट्टा तुटलेला आणि त्याच्या जागी परकराची नाडी बांधलेली. असलं हेल्मेट घालून पोरीला उभी करू नका, तोंडापुढं जाळी असलेलं घ्या. आणि लगेच बॅट फिरवायला लावू नका. आठ दिवस टेनिस बॉल टाका, तिनं नुसतं बॉक्समध्ये उभं राहायचं आणि बॉल हातापर्यंत डोळ्यानं बघत न्यायचा. मागं सरकली तरी ओरडू नका. भीती वाटणारच की, बॉल लागलाय तिला.

प्रश्न : पिचरनं मुद्दाम मारलं होतं का?
— मुरारजी पेठ

उत्तर : हॅमिल्टन शेवटपर्यंत नाहीच म्हणत राहिला. त्या दिवशी तो दवाखान्यात भेटायलापण गेला होता पण फक्त घरच्यांनाच आत सोडत होते. टोनी प्लेटला (बॅटिंग करतात तिथली जमिनीवरची पाटी) एकदम चिकटून उभा राहायचा, आतला बॉल आला तरी हलायचा नाही, लांब मारायची ताकद त्याला तिथूनच मिळायची. मी हॅमिल्टनला दोष देत नाही. कानाच्या पट्टीचं हेल्मेट मोठ्या लीगमध्ये नव्या खेळाडूंना सक्तीचं झालं ते १९८३ ला, म्हणजे १६ वर्षांनी, ह्याचं मला जास्त वाईट वाटतं.

प्रश्न : आपल्या क्रिकेटमध्ये असं कुणाचं झालंय का?
— विजापूर रोड

उत्तर : झालंय, आणि त्यात आपलं सोलापूर आहे. १७ मार्च १९६२, बार्बाडोस, आपला कॅप्टन नरी काँट्रॅक्टर, समोर चार्ली ग्रिफिथ. बॉल डोक्याला लागला, कवटी फुटली, तेव्हा हेल्मेट नव्हतीच. रक्त लागणार होतं, तर समोरच्या देशाचा कॅप्टन फ्रँक वॉरेल आला रक्त द्यायला, आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आले आणि पॉली उम्रीगर. उम्रीगरांचा जन्म सोलापूरचा, १९२६ चा. आपल्या गावात जन्मलेल्या माणसाचं रक्त त्या दिवशी काँट्रॅक्टरच्या अंगात गेलं, हे आपल्या पोरांना सांगायला नको का? आणि पुढच्याच महिन्यात पोर्ट ऑफ स्पेनला त्याच उम्रीगरांनी नाबाद १७२ मारले. काँट्रॅक्टर नंतर रणजी खेळले, कितीतरी वर्षं खेळले, पण २८ व्या वर्षानंतर टेस्ट काही परत मिळाली नाही.

प्रश्न : टोनीच्या नावानं अवॉर्ड आहे म्हणतात, खरं का?
— अशोक चौक

उत्तर : खरंय. १९९० पासून आहे, मोठ्या संकटातून उठून खेळणाऱ्याला देतात. पहिला जिम आयझेनराइखला मिळाला.

जुळे सोलापूरच्या दादांचं एक राहिलंच. नंबर विचारला होता ना तिनं? २५. नवीन हेल्मेट आणाल तेव्हा मागं पांढऱ्या पेंटनं तिला तिच्याच हातानं लिहू द्या.