स्वप्नात कळतं की हे स्वप्न आहे

"मॅडम, सपन चालू असते अन् मले आतमंदीच समजते का हे सपन हाय. मायं डोकं तं नाई ना फिरत?"

विचारणारा मुलगा बावीस वर्षांचा, दिग्रसकडच्या एका खेड्यातला, माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सोबत आई होती. खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली, "बाई, याले बाहेरचं लागलं मनतात लोकं. धागा बांधला, फरक नाई."

दिवाळीच्या आधी त्याचे वडील गेले. रात्रीची लाईन, कपाशीचं ओलीत, अनवाणी पाय आणि साप. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला. आता त्याच वावरात रात्री मोटर सुरू करायला हा जातो. स्वप्नही तिथलंच. वडील धुऱ्यावर उभे आहेत, काहीतरी सांगत आहेत. मोटर चालू आहे, पण पाण्याचा आवाज नाही. तेवढ्यात त्याला उमगतं: बाबा तर गेले, म्हणजे हे स्वप्न आहे. मग तो जागा होतो आणि वडील काय बोलले ते पुसलं जातं.

आधी मी त्याची भीती दूर केली. स्वप्नात असताना स्वप्नाची जाणीव होणं हा आजार नाही. अनेकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांच्या प्रयोगात झोपलेल्या माणसानं आधी ठरवल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून स्वप्नातून खूण केली होती. यंत्रावर झोपही दिसत होती आणि खूणही. चिंता करायची ती उलट गोष्टीची. दिवसाढवळ्या, पूर्ण जागेपणी कोणी बोलल्याचे आवाज ऐकू येऊ लागले, खरं काय नि भास काय हे उमजेनासं झालं, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. याचं तसं काही नव्हतं.

त्याचा खरा त्रास दुसराच निघाला. मोबाइलवर व्हिडिओ पाहून तो रोज पहाटे तीनचा गजर लावत होता. उठायचं, थोडं जागायचं, पुन्हा झोपायचं, म्हणजे बाबा भेटतात. पद्धत खोटी नाही. झोपेची आवर्तनं साधारण दीड-दीड तासाची असतात, आणि ठळक स्वप्नांचा टप्पा पहाटेकडे लांबत जातो. पण एक आठवडा ओलिताची जागरणं, दुसऱ्या आठवड्यात गजर! पोराला सलग झोप अशी उरलीच नव्हती. त्यातूनच दोनदा जाग येऊनही त्याला हात-पाय हलवता आले नाहीत, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटलं. घरानं "बाहेरचं" म्हटलं ते हेच. स्वप्नांच्या झोपेत शरीर स्नायू सैल करून ठेवतं, म्हणजे आपण स्वप्नातली धावाधाव अंथरुणात करत नाही. कधी मन आधी जागं होतं आणि शरीर मागे राहतं. जागरणानं हे वाढतं. काही सेकंदांत, फार तर दोन-चार मिनिटांत सुटतं.

आईनं हे दोनदा समजावून घेतलं. मलाही दोनदा सांगायला बरं वाटलं, कारण गावात घरोघरी तीच सांगणार होती.

"पण मंग बाबा काय मनतात ते मी विसरतो ना," तो म्हणाला आणि रडला. मी गप्प बसले. त्याला मेंदूचं रसायन ऐकायचं नव्हतं. तरी एवढं सांगितलं, की त्या झोपेत आठवण पक्की करणारं नॉरॲड्रेनलिन अगदी कमी असतं, म्हणून स्वप्न सगळ्यांचंच निसटतं. त्यात त्याच्या प्रेमाची काही कमतरता नव्हती.

गजर बंद करायला सांगितला. जाग आपोआप येईल तेव्हा कूस बदलायची नाही, मोबाइल घ्यायचा नाही. डोळे मिटून शेवटचं चित्र धरायचं आणि तिथून मागे जायचं. मग उठून चार शब्द वहीत लिहायचे किंवा घरात कोणाला तरी सांगायचे. आणि रात्री वावरात जाताना गमबूट, टॉर्च, सोबतीला कोणीतरी. हे शेवटचं समुपदेशनात बसतं की नाही, याचा मी विचार केला नाही.

तिसऱ्या भेटीला वहीत सहा-सात ओळी होत्या. झोप बरी होती, छातीवरचं ओझं पुन्हा आलं नव्हतं. एका पहाटे त्यानं स्वप्न आईला चुलीपाशी सांगितलं होतं. बाबा म्हणाले होते, "दांड फुटला, तिकडं पाय." बस, एवढंच.

आई बाजूला बसून ऐकत होती. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात त्याला?

"मी इचारलं," ती म्हणाली, "त्यायच्या पायात चपला होत्या काय रे?"

मुलानं मान खाली घातली. "होत्या," तो म्हणाला.